फेल गेलेली बोअर सांगायची नसते

मी विज्ञान शिकवतो असं पगारपत्रकावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मी 'शोध कोणी लावला' एवढंच शिकवतो. डाव्या बाजूला शोध, उजव्या बाजूला माणसं, मधे पोरांनी पट्टीने रेघा मारायच्या. रेघ बरोबर माणसापाशी पोचली की एक गुण. शोध लागतो म्हणजे नक्की काय होतं, तो लागल्यावर त्या माणसाचं घरच्यांशी आणि गावाशी पटतं का, हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. जगातले सगळे शोध लागून गेलेले आहेत, ते परदेशात लागलेले आहेत आणि त्यांची यादी धड्याच्या शेवटी आहे, अशी आमच्या पोरांची ठाम समजूत आहे. ती मीच करून दिली आहे.

आमच्या प्रयोगशाळेचीही एक रीत आहे. प्रयोगवहीत आधी अनुमान लिहायचं, मग निरीक्षणं लिहायची आणि वेळ उरलाच तर प्रयोग करायचा. निरीक्षणं मागच्या वर्षीच्या पोरांच्या वहीतून घेतात, त्यांनी त्याच्या मागच्या वर्षीच्यांच्या वहीतून घेतलेली असतात. भिंगाचं नाभीय अंतर काढण्यात आमच्या शाळेत आजवर एकही पोर चुकलेलं नाही. भिंग फुटलं त्या वर्षीही नाही. मी सगळ्या वह्यांवर लाल सही करतो आणि बाहेरचे परीक्षक चहा-पोहे खाऊन त्यावर निळी सही करतात.

माझं घर दौंड तालुक्यात, खुटबावला. शाळा भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात. रोज पुलावरून मोटरसायकलने जातो. शाळेचं गाव नदीकाठाला आहे, पण शाळा गावाबाहेर माळावर, कारण काठाची जमीन उसाला द्यायची असते, पोरांना नाही. खाली डोळे निवतील एवढं हिरवं रान आणि वर शाळेच्या टाकीत थेंब नाही. पोरं घरून बाटल्या आणतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, कारण आत पाणी नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि बऱ्याच जणी त्या दिवशी परत येत नाहीत. हजेरीपटावर मी दुपारनंतरच्या तासाला त्यांना हजर मांडतो, कारण सकाळी त्या होत्या.

तर अशा या शाळेतून दरवर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला एक शोध पाठवावा लागतो. तिथले शोध ठरलेले असतात. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी आणि छतावरचं पावसाचं पाणी साठवणारं थर्माकोलचं घर. थर्माकोलचं घर दरवर्षी कुठल्या तरी शाळेत नव्याने शोधलं जातं. बऱ्याचशा वस्तू पुण्याहून तयार येतात, पोरांनी फक्त माहिती पाठ करायची असते. उद्घाटनाला पाहुणे नारळ फोडतात, वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलतात आणि मुहूर्त टळायला नको म्हणून लवकर निघतात. मी या प्रदर्शनांत परीक्षक म्हणूनही बसलो आहे. घराला दिवे लागले की आम्ही गुण देतो.

त्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला विचारलं की प्रदर्शनाला स्वतःचं काही नेलं तर चालतं का. मी म्हणालो, चालतं की, फक्त दिवे लागले पाहिजेत. ती हसली नाही. ही मुलगी वर्गात फारशी बोलायची नाही, पण जे बघायची तेच वहीत लिहायची, त्यामुळे तिची प्रयोगवही तपासायला मला नेहमी त्रास व्हायचा.

तिचे आजोबा आमच्या भागातले नामांकित पाणाड्या. बोअर कुठं घ्यायची ती जागा दाखवणारे. दोन्ही तालुके त्यांना आप्पा म्हणतात. धिप्पाड म्हातारा, पांढरी टोपी, पायांत काही नाही. सकाळी रानात उतरायचं, शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवायचा आणि चालत राहायचं. खाली पाणी असलं की नारळ हातावर आपोआप उभा राहतो. तिथं आप्पा टाच मारून खूण करतात, कोणी तरी चुना टाकतं, दुसऱ्या दिवशी बोअर मारणाऱ्या दक्षिणेकडच्या अण्णा लोकांची गाडी येऊन भोक पाडते. आप्पा आधी काही घेत नाहीत. पाणी लागलं की शेताचा मालक टोपी-टॉवेल आणि पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात जातो, एवढंच.

आणि पाणी लागलं नाही तर? तर आप्पांना सांगायचं नाही. ही आमच्याकडची रीत आहे आणि ती सगळे पाळतात. फेल गेल्याचं कानावर घातलं की दाखवणाऱ्याच्या हाताचा गुण जातो म्हणतात, शिवाय म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. मग अण्णाने मशीन वाकडं लावलेलं असतं, भावकीतल्या कोणाची तरी नजर लागलेली असते, नाही तर खूण केलेल्या जागेवरून चुना कुत्र्याने पायाने सरकवलेला असतो. नारळ चुकलेला नसतो. त्यामुळे झालं असं की गेली कित्येक वर्षं आप्पांच्या दारात फक्त पेढेच येत होते. त्यांच्या माहितीप्रमाणे त्यांनी दाखवलेली एकही बोअर फेल गेलेली नव्हती, आणि यात त्यांची लबाडी काडीचीही नव्हती.

आप्पांना अलीकडे नीट दिसत नव्हतं म्हणून ही नात त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडायची. त्यामुळे कुठं कुठं टाच मारली ते तिला पाठ. शाळेत येताना सायकलवरून तिला त्याच जागा पुन्हा दिसायच्या, आणि त्यांतल्या कितीक ठिकाणी पाइपाच्या तोंडावर दगड ठेवलेला असायचा. कोरड्या बोअरीत पोरसोर, कोंबडी जाऊ नये म्हणून ठेवतात तसा. तिने एका रानात विचारलं, पाणी लागलं न्हाई का? रानातल्या बाई म्हणाल्या, "न्हाई लागलं, पर आप्पांस्नी सांगू नगंस." पुढच्या रानातही हेच उत्तर, जवळजवळ याच शब्दांत. मग तिने एक वही सुरू केली.

ती वही तिने माझ्यापुढं ठेवली तेव्हा मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या बोअरी, एकेका ओळीत एकेक. जागा कोणती, कोणी दाखवली, किती खोल गेली, पाणी लागलं का. आप्पांनी दाखवलेल्या वेगळ्या आणि कोणीच न दाखवलेल्या, म्हणजे मालकाने आपल्याला सोयीच्या वाटल्या तिथं घेतलेल्या वेगळ्या. शेवटच्या पानावर तिने दोन्हींची बेरीज करून लिहिलं होतं, 'नारळाने फरक पडत नाही. ओढ्याच्या कडेला कोणीही घेतली तरी बहुतेक लागते. माळावर कोणीही दाखवली तरी बहुतेक लागत नाही.'

"हे तू कशावरून लिहिलंस?"

"विचारून, सर."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"आणि लोकांनी खरं सांगितलं?"

"मला खरं सांगतात. आप्पाला सांगत न्हाईत."

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर पहिल्यांदाच कोणी तरी काही तरी शोधून काढलं होतं. नुसतं पाणी कुठं लागतं हे नाही, तर अख्खा गाव इतकी वर्षं न बोलता मिळून एक समजूत कशी सांभाळतो, तेही. त्यासाठी तिला ना दुर्बीण लागली ना भिंग, चारचौघांना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा धीर लागला. मी वही दोनदा वाचली. मला वाटलं, हिला तालुक्याला न्यायची, तिथून जिल्ह्याला न्यायची, आणि माझी छाती फुगली ती मधली सुट्टी संपेपर्यंत फुगलेलीच होती.

घंटा झाल्यावर मी वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी पानं चाळली, चष्मा काढला आणि दार लावून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "पोरीचं डोकं चांगलं आहे. विषय बदला." मी म्हणालो, सर, हे खरं विज्ञान आहे. ते म्हणाले, "प्रदर्शनाला विज्ञान न्यायचं असतं, भांडणं नाही. गावात सगळ्यांच्या बोअरी आप्पांनी दाखवल्यात. शाळा समितीच्या अध्यक्षांचीसुद्धा. आणि आता शाळेची बोअर मंजूर झालीय, ती जागाही आप्पाच दाखवणार आहेत. तुम्हाला शाळेला पाणी पाहिजे की नको?" पाणी पाहिजे म्हणूनच म्हणतो, असं मी म्हणायला हवं होतं. पोरीच्या वहीप्रमाणे माळावर पाणी लागणार नव्हतं आणि शाळेच्या आवाराची मागची कड थेट ओढ्याला भिडलेली होती. हे मला तिथं उभ्याउभ्या दिसत होतं.

मी वही उचलून बाहेर आलो. मुख्याध्यापकांना भिऊन आलो असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या खुटबावच्या वरच्या पट्टीत मला बोअर घ्यायची होती आणि येत्या रविवारी आप्पा जागा दाखवायला येणार होते. मीच बोलावलं होतं. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे. बायको म्हणाली, दाखवायला काय जातंय, आणि मला ते पटलं होतं.

रविवारी आप्पा आले. नातही पिशवी घेऊन बरोबर होती. बांधापासून चाळीसेक पावलांवर नारळ सरळ उभा राहिला. मी डोळे फाडून बघत होतो, पण हात हललेला मला दिसला नाही. मी म्हणालो, आप्पा, मी बघू का? तोच नारळ माझ्या तळहातावर ढिम्म आडवा पडून राहिला. आप्पा समजुतीने म्हणाले, "शिकलेला हात हाय मास्तर, त्याला न्हाई कळायचं." नात बांधावर बसून वहीत जागा लिहीत होती. मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि मावळतीपर्यंत माझ्या रानातून पांढरी भुकटी उडत राहिली. ओलावासुद्धा नाही. अण्णा आपल्या हिंदीत म्हणाला, "साब, नीचे कुछ नहीं है," आणि त्याने मशीन आवरलं. मी बांधावरचा एक चांगला दगड शोधून पाइपाच्या तोंडावर ठेवला. तो ठेवताना आपण काय करतो आहोत हे मला पूर्ण कळत होतं.

त्याच आठवड्यात ती मुलगी वही घेऊन शिक्षकखोलीच्या दारात आली. "सर, तुमची नोंद राहिलीय. लागलं का पाणी?"

आत मुख्याध्यापक बसले होते, आणखी दोन शिक्षक डबा खात होते. आपल्या विज्ञानाच्या सरांनी नारळावर विश्वास ठेवून कोरडं भोक पाडून घेतलं, हे त्यांना कळावं असं मला वाटलं नाही. मी म्हणालो, "लागलं."

"किती?"

"दीड इंच."

बोअरचं पाणी आमच्याकडे इंचात मोजतात, पण दीड इंच मी कुठून काढलं ते मला आजही सांगता येणार नाही. आकडा सांगितला की खोटं बोलणंही शास्त्रीय वाटतं. तिने तिथंच दाराला वही टेकवून लिहून घेतलं आणि थँक्यू सर म्हणाली.

प्रदर्शनाला आम्ही थर्माकोलचं घर पाठवलं. तिने ते मुकाट्याने केलं, माहिती पाठ केली आणि उत्तेजनार्थ बक्षीस आणलं. मुख्याध्यापकांनी फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, मीही पाठवली. फोटोत मी मधोमध आहे.

शाळेची जागा दाखवायच्या आदल्या दिवशी आप्पा स्वतः शाळेत आले. नात बरोबर होती, वही तिच्या हातात. व्हरांड्यात मी आणि मुख्याध्यापक उभे होतो. आप्पांनी टोपी सारखी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ही पोरगी म्हणती माझा नारळ लई जागी खोटा पडलाय. लोकं मला सांगत न्हाईत म्हणती. काल सगळी वही वाचून दावली तिनं. मला झोप न्हाई लागली. रानाचं ठीक हाय, पर ह्ये पोरींच्या पाण्याचं हाय, हितं चूक नगं. तुम्ही शास्तर शिकवता. वही खरी असंल तर म्या नारळ ठिवून देतो. ती म्हणती ओढ्याकडंला घ्या, तर तिकडं घेऊ. काय ते तुम्ही सांगा."

एवढंच विचारायचं होतं त्यांना. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभराचा मान पणाला लावून, नातीने काढलेला निष्कर्ष खरा आहे का ते तपासायला आला होता. वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलणारे मी खूप ऐकलेत. तो असा धोतर नेसून समोर येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं. मी 'खरी आहे' म्हटलं असतं तर शाळेची बोअर ओढ्याकडे गेली असती, आणि लगेच त्यांनी किंवा मुख्याध्यापकांनी किंवा त्या मुलीने विचारलं असतं, मग तुमची कशी काय लागली?

मी म्हणालो, "अहो आप्पा, लहान आहे ती. विचारण्यात कुठं तरी चूक झाली असेल. तुमच्या हाताला गुण आहे. माझंच बघा ना, दीड इंच लागलं."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. आप्पा मात्र खूश झाले नाहीत. म्हणाले, "व्हय? मग पेढे न्हाई आणलं तुम्ही."

मी म्हणालो, गडबडीत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौफुल्याहून अर्धा किलो पेढे आणि टोपी-टॉवेल घेऊन त्यांच्या दारात गेलो. माझ्या रानात दगडाखाली कोरडं भोक होतं आणि मी पाणी लागल्याचे पेढे वाटत होतो. दार त्या मुलीनेच उघडलं. तिने पुडा आत नेऊन देवापुढं ठेवला. आप्पांनी एक पेढा तोंडात टाकला, टॉवेल खांद्यावर घेतला, नारळाची पिशवी उचलली आणि आम्ही शाळेकडे निघालो.

मैदानाच्या मधोमध नारळ उभा राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी गाडी आली, तास बंद ठेवून सगळी शाळा बघायला उभी केली होती, आणि सगळ्या शाळेवर पांढरी भुकटी बसली. पाणी लागलं नाही. पुन्हा बोअर घ्यायची तर पुन्हा मंजुरी, म्हणजे ही मुलगी दहावी होऊन जाईपर्यंत काही नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप तसंच राहिलं. आप्पांना मुख्याध्यापकांनी सांगितलं, लागलंय, फक्त मोटार यायची आहे. समितीने पेढे पाठवले.

त्यानंतर एका मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती, तसं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. वही माझ्या टेबलावर उघडून ठेवून म्हणाली, "सर, तुम्ही आप्पाला म्हणालात वहीत चूक हाय. मला सापडंना. कुठंय ते दाखवा, मी खोडते."

मी लाल पेन हातात घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. सगळी रानं माझ्या रोजच्या रस्त्यावरची होती. कुठल्या बोअरवर दगड आहे आणि कुठं मोटार चालते ते मीही जाता-येता बघत होतो, फक्त मी ते लिहिलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गेलो, शेवटापासून पहिल्यापर्यंत आलो. साऱ्या वहीत खोटी नोंद एकच होती. खुटबाव, सरांचं रान, दाखवणारे आप्पा, पाणी दीड इंच.

ती माझ्या पेनाकडे बघत होती. तिला खरंच वाटत होतं की सर आता चूक दाखवतील आणि मग सगळं जुळेल. मी पेनाला टोपण लावलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

"अक्षर सुधार," मी म्हणालो.

ती बरं सर म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत घरी न जाता ती मागच्या बाकावर बसून नव्या वहीत सगळं पुन्हा उतरवायला लागली, एकेक ओळ, शिरोरेघ पट्टीने मारून. माझी नोंदही तिने तशीच, सुंदर अक्षरात उतरवली.